क्रायनाची फौज आणि बिहाचचा वेढा

बोस्नियाचा विषय निघाला की आपल्या घरांत सरायेवो आणि स्रेब्रेनित्सा ही दोन नावे येतात. बिहाचचे नाव क्वचितच कोणी घेते. बोस्नियाच्या वायव्य कोपऱ्यात, उना नदीच्या काठी हे शहर आहे. १५९२ मध्ये उस्मानी तुर्कांनी ते जिंकले आणि तिथल्या जुन्या दगडी चर्चची फतहिया मशीद झाली. उंच, टोकदार कमानींची ही मशीद आजही उभी आहे. १९९२ च्या उन्हाळ्यापासून १९९५ च्या ऑगस्टपर्यंत, म्हणजे तीन वर्षांहून जास्त काळ, हे शहर आणि आसपासची गावे वेढ्यात होती. आत दोन लाखांच्या आसपास माणसे, बहुतेक मुस्लिम. पूर्व-दक्षिणेला बोस्नियातील सर्बांची फौज होती. पश्चिम-उत्तरेला, सरहद्दीपलीकडे, दुसरीच एक फौज होती. ती क्रायनाची.

क्रायना म्हणजे सरहद्दीचा मुलूख. उस्मानी सल्तनतीला अडवण्यासाठी ऑस्ट्रियाच्या बादशहांनी येथे सर्ब शेतकऱ्यांना जमीन देऊन वसवले आणि बदल्यात त्यांच्याकडून पहारा घेतला. त्यामुळे हत्यार बाळगणे ही या लोकांची जुनी रीत. पुढे हा भाग क्रोएशियात आला. १९९० मध्ये क्रोएशिया युगोस्लाव्हियापासून वेगळा होण्याच्या वाटेला लागला, तेव्हा क्निन शहराच्या सर्बांनी रस्त्यांवर झाडांचे ओंडके टाकून वाहतूक अडवली. दुसऱ्या महायुद्धात क्रोएशियाच्या फॅसिस्ट हुकूमतीने सर्बांची केलेली कत्तल त्यांच्या आईबापांनी पाहिली होती. ही भीती खरी होती. पुढाऱ्यांनी तिचा वापर केला, हेही तितकेच खरे. १९ डिसेंबर १९९१ रोजी ‘सर्बियन क्रायना प्रजासत्ताक’ जाहीर झाले. क्रोएशियाचा जवळपास तिसरा हिस्सा त्यांच्या ताब्यात होता आणि तिथल्या क्रोएट लोकांना घरेदारे सोडून पळावे लागले. जगातल्या कोणत्याही देशाने या प्रजासत्ताकाला मान्यता दिली नाही.

१९९२ मध्ये युनोची शांतिसेना आली. तिचे पहिले सरसेनापती आपल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीतून वर आलेले लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार होते. ठरले असे होते की युगोस्लाव्ह लष्कर निघून जाईल आणि स्थानिक सर्ब पथके हत्यारे गोदामांत ठेवतील. लष्कर गेले, पण तोफा आणि रणगाडे मागे राहिले. सैनिकांनी पोलिसांचा गणवेश चढवला आणि ते पुन्हा पहाऱ्यावर उभे राहिले. जानेवारी १९९३ मध्ये क्रोएशियाने हल्ला करताच सर्बांनी गोदामे फोडून हत्यारे परत घेतली. शांतिसेना पाहत राहिली. दोन्ही बाजूंच्या मर्जीवर चालणाऱ्या फौजेच्या हाती दुसरे होते तरी काय?

क्रायनाच्या फौजेचा खरा मालक कोण, हे पुढे हेगच्या न्यायालयात उघड झाले. १९९३ च्या अखेरीस बेलग्रेडच्या लष्कराने ‘४० वे कार्मिक केंद्र’ नावाचे खाते उघडले. क्रायनात लढणारे अनेक अधिकारी कागदावर या खात्यात होते. पगार आणि बढती बेलग्रेडहून होत असे. फौज क्रायनाची आणि हजेरीपट बेलग्रेडचा!

पण वेढ्याची सर्वांत कडू हकीकत वेगळीच आहे. बिहाचच्या उत्तरेला वेलिका क्लादुशा नावाचे गाव आहे. तिथला फिक्रेत आब्दिच हा ‘आग्रोकोमेर्त्स’ या खाद्य कंपनीचा कर्ताधर्ता होता. कोंबडीपालनातून त्याने गरीब मुलखात हजारोंना रोजगार दिला होता. १९८७ मध्ये तारण नसलेल्या हुंड्यांच्या घोटाळ्यात तो सापडला, तरी गावकऱ्यांचा त्याच्यावरचा विश्वास उडाला नाही. सप्टेंबर १९९३ मध्ये त्याने सरायेवोशी नाते तोडून आपला वेगळा ‘पश्चिम बोस्निया’ जाहीर केला. वेढा घालणाऱ्यांशीच तह करून व्यापार सुरू केला. त्यानंतर मुस्लिम मुस्लिमांवर गोळ्या झाडू लागले. एकाच आडनावाची माणसे समोरासमोरच्या खंदकांत होती. ऑगस्ट १९९४ मध्ये बोस्नियाच्या पाचव्या कोअरने, आतिफ दुदाकोविच यांच्या नेतृत्वाखाली, क्लादुशा जिंकले. तेव्हा आब्दिचचे हजारो समर्थक बायकामुलांसह क्रायनात पळाले. क्रायनाच्या फौजेने त्यांतल्या पुरुषांना हत्यारे दिली आणि नोव्हेंबरात पुन्हा लढायला पाठवले. त्या मोहिमेचे नाव होते ‘कोळी’, म्हणजे जाळे विणणारा जीव.

त्याच महिन्यात क्रायनातील उदबिना तळावरून उडालेल्या विमानांनी बिहाचवर नापाम आणि क्लस्टर बॉम्ब टाकले. बिहाच युनोने जाहीर केलेले ‘सुरक्षित क्षेत्र’ होते. नाटोने २१ नोव्हेंबरला तळाच्या धावपट्टीवर खड्डे पाडले, विमानांना हात लावला नाही. मदतीचे ट्रक क्रायनाच्या नाक्यांवर अडत होते. वेढ्यात शांतिसेना म्हणून बांगलादेशची सुमारे बाराशे जवानांची तुकडी होती. कडाक्याची थंडी, अपुरी हत्यारे, आणि रसद त्याच नाक्यांवर अडकलेली. डिसेंबरात त्यांच्या चिलखती गाडीवर क्षेपणास्त्र आदळून एक जवान मृत्युमुखी पडला. ढाक्याच्या एका गरीब घरातही या युद्धाचा शोक पोहोचला असेल, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही.

मे १९९५ मध्ये क्रायनाचे अध्यक्ष मिलान मार्तिच यांच्या हुकमाने झाग्रेबच्या भर वस्तीत रॉकेटे सोडली गेली. सात माणसे मेली. त्याच महिन्याच्या २८ तारखेला बोस्नियाचे परराष्ट्रमंत्री इरफान ल्युबियांकिच यांचे हेलिकॉप्टर क्रायनाच्या क्षेपणास्त्राने पाडले. ते बिहाचचेच, पेशाने डॉक्टर.

जुलैत स्रेब्रेनित्सा पडले. पाठोपाठ दोन्ही सर्ब फौजा बिहाचवर चालून आल्या. तेव्हा कुठे क्रोएशिया आणि बोस्निया यांच्यात स्प्लिट शहरात करार झाला. ४ ऑगस्टच्या पहाटे क्रोएशियाच्या लष्कराने हल्ला चढवला आणि दुसऱ्या दिवशी क्निन पडले. बेलग्रेडहून कोणी मदतीला आले नाही. ६ ऑगस्टला पाचवा कोअर आणि क्रोएशियाचे सैनिक सरहद्दीवर एकमेकांना भेटले. वेढा उठला.

त्याच दिवसांत दीड ते दोन लाख सर्ब ट्रॅक्टर-गाड्यांत बसून पूर्वेकडे निघाले होते. मागे राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांना ठार मारले गेले, घरे जाळली गेली. बिहाचच्या मजलूमांची बाजू घेताना या म्हाताऱ्यांचा हिशेब सोडून देता येत नाही. त्यांनी कोणाला वेढा घातला नव्हता.

मार्तिचला हेगमध्ये ३५ वर्षांची शिक्षा झाली. बेलग्रेडचे लष्करप्रमुख पेरिशिच यांना आधी २७ वर्षांची शिक्षा झाली, पण २०१३ मध्ये अपिलात ते सुटले. आब्दिचला क्रोएशियाच्या न्यायालयाने युद्धगुन्ह्यांसाठी २० वर्षे दिली, पुढे ती १५ झाली. २०१२ मध्ये तो बाहेर आला. २०१६ मध्ये वेलिका क्लादुशाच्या लोकांनी मते देऊन त्याला आपला महापौर केले.