जुन्या फिल्म कॅमेऱ्यांतील बॅटरी व शटरचे दोष

जुन्या फिल्म कॅमेऱ्यांत नेहमी आढळणारे बिघाड मुख्यतः बॅटरीशी किंवा शटरशी संबंधित असतात. दोन्हींची बाह्य लक्षणे पुष्कळदा सारखीच दिसतात: बटण दाबूनही शटर उघडत नाही, किंवा छायाचित्रे अपेक्षेपेक्षा काळपट अथवा फिकी येतात. त्यामुळे केवळ सेल बदलून सुरू होऊ शकणारा कॅमेरा निकामी ठरविला जातो. दोषाचे निदान करताना त्या कॅमेऱ्याचे शटर बॅटरीवर अवलंबून आहे की नाही, हे प्रथम पाहावे लागते.

शटरचे प्रकार
यांत्रिक शटर स्प्रिंग व दंतचक्रांवर चालते. पेंटॅक्स के१००० (१९७६) या कॅमेऱ्यात बॅटरी फक्त प्रकाशमापकासाठी असते. ती नसली तरी शटरचे सर्व वेग वापरता येतात. कॅनन एई-१ (१९७६) या कॅमेऱ्याचे शटर मात्र विद्युत्-नियंत्रित असून ६ व्होल्टच्या बॅटरीवाचून ते उघडत नाही. निकॉन एफई (१९७८) मध्ये विद्युत्-नियंत्रित शटरच्या जोडीला १/९० सेकंदाचा एक यांत्रिक वेग दिलेला आहे. बॅटरी संपल्यावर तो उपयोगी पडतो. शटर न उघडणे हा प्रत्येक वेळी दोषच असतो असे नाही. ऑलिंपस ट्रिप ३५ मध्ये बॅटरी नसते, सेलेनियमचा प्रकाशमापक असतो. स्वयंचलित पद्धतीत प्रकाश अपुरा असल्यास त्याचे शटर मुद्दाम अडविले जाते.

बॅटरीचे दोष
१९६० व १९७० च्या दशकांतील अनेक प्रकाशमापक पाऱ्याच्या १.३५ व्होल्टच्या सेलसाठी बनविलेले होते. ऑलिंपस ओएम-१ हे त्याचे उदाहरण होय. पाऱ्याच्या सेलचा दाब अखेरपर्यंत जवळजवळ स्थिर राहतो. तथापि पारा विषारी असल्याने अशा सेलचे उत्पादन थांबत गेले. अमेरिकेत १९९६ च्या कायद्याने पाऱ्याच्या ऑक्साइडच्या बटण-सेलच्या विक्रीवर बंदी आली.

त्यांच्या जागी १.५ व्होल्टचा अल्कलाइन सेल बसविल्यास मापक प्रत्यक्षाहून अधिक प्रकाश दाखवू शकतो आणि फिल्मवर कमी प्रकाश पडतो. शिवाय अल्कलाइन सेलचा दाब वापरागणिक घटत असल्याने चूकही बदलत राहते. सिल्व्हर ऑक्साइडचा सेल १.५५ व्होल्टचा पण स्थिर असतो. दाब कमी करणाऱ्या डायोडयुक्त अडॅप्टरसह तो वापरतात. श्रवणयंत्राचे झिंक-एअर सेल सुमारे १.४ व्होल्टचे असतात, मात्र वरील चिकटपट्टी काढल्यानंतर ते मर्यादित काळच टिकतात. पेंटॅक्स स्पॉटमॅटिकसारख्या काही कॅमेऱ्यांतील मापकाच्या परिपथाची रचनाच अशी असते की दाबातील फरकाचा परिणाम फारसा होत नाही.

गळलेल्या सेलमुळे संपर्कपट्ट्यांवर पांढरे वा हिरवट क्षार साचतात. अल्कलाइन सेलचे क्षार व्हिनेगरने किंचित ओलसर केलेल्या कापसाच्या काडीने पुसून जागा पूर्ण कोरडी करतात. पाऱ्याचा जुना सेल उघडू नये व घरगुती कचऱ्यात टाकू नये.

शटरचे दोष
फिल्म नसताना कॅमेऱ्याची पाठ उघडून, भिंग उजेडाकडे धरून प्रत्येक वेगावर शटर चालवून पाहतात.

• मंद वेगांवर शटर उघडे राहणे किंवा रेंगाळणे: वंगण सुकून घट्ट झाल्याचे हे लक्षण असते.
• वेगवान शटरवर चित्राची एक बाजू काळी येणे: दोन पडदे समान गतीने सरकत नाहीत.
• चित्रांवर वारंवार प्रकाशाचे ठिपके येणे: कापडी पडद्यास छिद्रे पडलेली असू शकतात.
• आरसा वर अडकणे: त्याच्या आधाराचा फोम विरघळून चिकट झालेला असतो. काही विद्युत्-नियंत्रित कॅमेऱ्यांत बॅटरी क्षीण झाल्यासही असे घडते.

दक्षता
शटरच्या पडद्यांना वा पात्यांना बोट लावू नये, त्यांत तेल सोडू नये आणि अडकलेला फिल्म सरकविण्याचा दांडा जोराने ओढू नये. योग्य दाबाचा नवा सेल बसवून व संपर्कपट्ट्या स्वच्छ करूनही दोष कायम राहिल्यास तो शटरचा किंवा परिपथाचा समजून कॅमेरा कुशल कारागिराकडे सोपविणे इष्ट ठरते.