आडनाव न बदललेल्यांचा माग

वंशावळ मांडताना अविवाहित माणसाच्या नावाशी रेघ थांबते. लग्नाची नोंद नाही, कुणाच्या जन्मदाखल्यावर आई किंवा बाप म्हणून नाव नाही; म्हणून अशा पूर्वजांचं आयुष्य शोधून सापडत नाही, असा सर्वसाधारण समज आहे. इंग्लंड-वेल्सच्या जुन्या जनगणनेचे कागद मात्र याच्या उलट सांगतात. तिथे लग्न झालेली मुलगी सहसा नवऱ्याचं आडनाव लावते आणि पुढच्या गणनेत दिसेनाशी होते. अविवाहित बाई मात्र जन्माचंच आडनाव अखेरपर्यंत लावते. तेव्हा माग काढायला तीच जास्त सोपी, असं माझं ठाम मत आहे.

1841च्या गणनेत कुटुंबप्रमुखाशी असलेलं नातं विचारलेलं नव्हतं आणि मोठ्यांची वयंही पाचाच्या पटीत खाली ओढून लिहिण्याची सूचना होती. 1851पासून नातं, वैवाहिक स्थिती, वय, व्यवसाय आणि जन्मगाव असे रकाने आले आणि चित्र पालटलं. यातला नात्याचा रकाना सर्वांत बोलका. एकच बाई एका गणनेत ‘मुलगी’, पुढच्या गणनेत परक्या घरी ‘नोकर’, नंतर भावाच्या घरात ‘बहीण’ आणि म्हातारपणी स्वतःच ‘कुटुंबप्रमुख’ म्हणून दिसू शकते. तिला कुणी आसरा दिला आणि ती कुणाच्या उपयोगी पडली, हे त्यातून उमगतं. 1911चा फॉर्म तर घरच्या माणसाच्याच अक्षरात हाती येतो. लग्नाला किती वर्षं झाली आणि मुलं किती, हे त्यात विवाहित स्त्रियांपुरतं विचारलं होतं. पण काही अविवाहित आयांनीही तिथे खरा आकडा लिहिला. कारकुनाने तो खोडला असला, तरी खोडलेल्या रेघेखाली अनेकदा वाचता येतो. अशा खाडाखोडीवरून नजर घाईने फिरवू नये.

दहा वर्षांतली एक रात्र म्हणजे आयुष्य नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. शिवाय लोक खोटंही सांगत. अविवाहित आई स्वतःला विधवा म्हणवून घेई. काहींनी तर गणनाच नाकारली. मताधिकारासाठी लढणारी एमिली डेव्हिसन 2 एप्रिल 1911च्या रात्री संसदेच्या तळघरातल्या प्रार्थनागृहात लपून बसली, तरी तिची नोंद झालीच. राहत्या जागीही झाली, म्हणजे एकूण दोनदा. म्हणून एका नोंदीवर विसंबू नये. लागोपाठच्या गणना शेजारी शेजारी ठेवाव्यात आणि मधली पोकळी मृत्युपत्रांनी भरावी. 1882च्या कायद्यापर्यंत तिथल्या विवाहितेच्या मालमत्तेवर बहुतांशी नवऱ्याचाच हक्क चाले. अविवाहितेची मालमत्ता तिची स्वतःची, त्यामुळे मृत्युपत्रही तिच्याच नावाने. 1858पासून मंजूर मृत्युपत्रांची वर्षवार छापील सूची आहे. कुणाला काय ठेवलं, यावरून तिचे भाचे-पुतणे कळतात.

आपल्याकडे ही वाट बंद आहे. 1948च्या जनगणना कायद्याने व्यक्तिगत नोंदी पाहण्यास मनाई आहे. महाराष्ट्रातल्या घराण्यांना शाळेचे दाखले, जमिनीचे फेरफार आणि तीर्थोपाध्यायांच्या वह्या यांवरच भिस्त ठेवावी लागते. ज्यांच्या घराण्याची एखादी शाखा इंग्लंडमध्ये होती, त्यांना मात्र 1921पर्यंतच्या गणना खुल्या आहेत. त्यापुढची, 1931ची गणना 1942च्या आगीत जळाली आणि 1941ला युद्धामुळे गणना झालीच नाही. ती उणीव 1939मध्ये घरोघरच्या रहिवाशांच्या केलेल्या नोंदवहीने काही अंशी भरून निघते. 1951ची गणना शंभर वर्षांच्या नियमामुळे अजून बंद आहे.