कूऽऽ! ही गाडी खेळण्यातली नव्हे

टेंभुर्णी म्हटलं की निम्म्या महाराष्ट्राला सोलापूरच्या हमरस्त्यावरचं गाव आठवतं. आपली टेंभुर्णी ती नव्हे. ही जालना जिल्ह्यातली, जाफराबाद तालुक्यातली टेंभुर्णी. इथे रूळ नाहीत. गाडी धरायची तर जालना गाठायचं. जालन्याच्या मार्गावर निजामाच्या काळापासून मीटर गेज होतं, वाफेची इंजिनं होती. नव्वदच्या दशकात त्याचं ब्रॉडगेज झालं. त्यामुळे आज विशीतल्या टेंभुर्णीकराला वाफेचं इंजिन ठाऊक आहे ते सिनेमातलं, नाहीतर आजोबांच्या तोंडून ऐकलेलं.

पण ते इंजिन मेलेलं नाही. जगभरातल्या करमणूक उद्यानांत ते अजूनही पेटतं, शिट्टी मारतं आणि तिकीट काढलेल्या पोराबाळांना फिरवून आणतं. रेल्वेने ज्यांना भंगाराची वाट दाखवली, त्यांना जत्रेने जीवदान दिलं. त्याचेच हे काही चटकदार किस्से.

१. आधी मजा, मग प्रवास

रेल्वे आधी प्रवासासाठी आली आणि मग तिची करमणूक झाली, असं वाटतं ना? घडलं उलटं. १८०८ मध्ये रिचर्ड ट्रेव्हिथिक या इंग्रज अभियंत्याने लंडनमध्ये गोल रूळ टाकले, भोवती कुंपण घातलं, 'कॅच मी हू कॅन' नावाचं इंजिन त्यावर सोडलं आणि तिकीट लावून लोकांना गरगर फिरवलं. इंजिनाचं वजन रुळांना सोसेना, म्हणून खेळ लवकरच आटोपला. स्टॉकटन–डार्लिंग्टनची प्रसिद्ध रेल्वे सुरू झाली १८२५ मध्ये, आणि आपली बोरीबंदर–ठाणे गाडी १८५३ मध्ये. म्हणजे आकाशपाळण्याच्या पंगतीत बसायचा मान आगगाडीने पहिल्यापासूनच मिळवलेला.

२. फुलांच्या वाफ्याखालून बोगदा

वॉल्ट डिस्नेला आगगाड्यांचं वेड होतं. १९५० मध्ये त्याने लॉस एंजलिसच्या आपल्या घराच्या परसात सव्वासात इंची रुळांची, जवळजवळ अर्धा मैल लांबीची वाफेची रेल्वे उभारली. इंजिनाला नाव दिलं बायकोचं, 'लिली बेल'. तरी बाईंच्या फुलझाडांना धक्का लागायची सोय नव्हतीच. मग त्या वाफ्याखालून ९० फुटी बोगदा खणला. १७ जुलै १९५५ ला डिस्नेलँड उघडलं तेव्हा पूर्ण उद्यानाला वळसा घालणारी वाफेची गाडी पहिल्या दिवसापासून तयार होती.

३. ऊस ओढणारी सेलिब्रिटी

मराठवाड्याच्या वाचकाला ही गोष्ट विशेष आवडेल. डिस्नेलँडचं तीन नंबरचं इंजिन बाल्डविन कंपनीने १८९४ मध्ये बनवलं, आणि त्याची उमेदीची वर्षं गेली अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात ऊस ओढण्यात. पाच नंबरचं इंजिन १९०२ चं. तेही उसाच्याच मळ्यातलं. आज या दोघांसमोर लोक फोटो काढायला रांग लावतात.

४. तळणीच्या तेलावर धाव

डिस्नेलँडची इंजिनं कोळसा खात नाहीत. त्यांना बायोडिझेल लागतं, आणि ते तिथल्या उपाहारगृहांच्या वापरलेल्या तळणीच्या तेलापासूनही बनवलं गेलं आहे. आपल्या बसस्टँडवरच्या भजीवाल्याने हे वाचलं, तर कढईतल्या उरलेल्या तेलाकडे तो वेगळ्या नजरेने बघेल.

५. भंगाराच्या दारातून परत

फ्लोरिडात डिस्नेचं दुसरं मोठं उद्यान १९७१ मध्ये उघडलं. त्यासाठी नवी इंजिनं घडवण्यापेक्षा जुनी शोधा, असं ठरलं. शोध संपला मेक्सिकोच्या युकातान प्रांतात. तिथल्या रेल्वेची चार जुनी बाल्डविन इंजिनं १९६९ मध्ये विकत घेतली, अमेरिकेत आणून खिळा-खिळा सुटा केला आणि पुन्हा जोडली. रेल्वेच्या लेखी ज्यांचं आयुष्य संपलं होतं, त्यांनी पुढे कित्येक वर्षं गर्दी ओढली.

६. युद्धावर गेलेलं इंजिन

टेनेसीतल्या 'डॉलीवुड' उद्यानात 'क्लोंडाइक केटी' नावाचं इंजिन आहे. ते १९४३ मध्ये अमेरिकी लष्करासाठी बनलं आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अलास्काकडच्या बर्फाळ डोंगरी मार्गावर राबलं. आज ते डोंगर चढतं तेही अस्सल कोळशावर. उघड्या डब्यात बसलं तर कोळशाची कणी डोळ्यात जाते. शौकीन तक्रार करत नाहीत, उलट त्यासाठीच इंजिनाजवळचा डबा पकडतात.

७. तिकिटात दरोडा मोफत

कॅलिफोर्नियाच्या 'नॉट्स बेरी फार्म'मध्ये १९५२ पासून वाफेची गाडी आहे. इंजिनं कोलोरॅडोच्या डोंगरी रेल्वेतून आणलेली. वाटेत तोंड बांधलेले दरोडेखोर डब्यात घुसतात आणि प्रवाशांना धमकावतात. पोरं खूश, कारण दरोडेखोर उद्यानाच्याच पगारावर असतात.

८. टोकियो आणि बार्शीचं नातं

टोकियो डिस्नेलँडच्या वाफेच्या गाडीला स्टेशन एकच. जिथे बसायचं तिथेच उतरायचं. दोन स्टेशनं केली असती तर जपानी कायद्याने ती खरीखुरी रेल्वे ठरली असती आणि मागे सगळे नियम लागले असते, असं कारण सांगतात. तिच्या रुळांची रुंदी मात्र आपल्या ओळखीची आहे. ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या ब्रिटिश अभियंत्याने १८९७ मध्ये सुरू केलेल्या बार्शी लाइट रेल्वेची रुंदी तीच होती. यवतमाळ–मूर्तिजापूर मार्गावरच्या 'शकुंतला' रेल्वेचीही तीच. तिचं १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत सेवेत होतं. हिशेबाने बघितलं तर बार्शीचं इंजिन टोकियोच्या रुळांवर नीट बसलं असतं.

९. शौकीन डोळे मिटून काय ऐकतात?

भक्-भक्-भक्-भक्. दोन सिलिंडरच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्यात चार ठोके पडतात, कारण प्रत्येक दट्ट्याला वाफ पुढून एकदा आणि मागून एकदा ढकलते. काम झालेली वाफ धुराड्यातून उसळते, जाताना भट्टीतला धूर ओढून नेते आणि आगीला ताजी हवा मिळते. म्हणून गाडी जोरात पळाली की आगही जोरात पेटते. इंजिन आपला भाता आपणच चालवतं. पाण्याची वाफ झाली की ती साध्या दाबाला सोळाशे पटींहून अधिक जागा मागते, आणि सगळी ताकद या जागेच्या भांडणातून येते. डिझेल इंजिनाचं पोट पत्र्याआड झाकलेलं असतं. इथे दट्ट्याचा दांडा, चाकांना जोडणारे दांडे, आग, पाणी सगळं उघड्यावर. सातवीतल्या पोरालाही यंत्र समोर चालताना दिसतं, आणि वेड तिथूनच लागतं.

१०. आणि आपल्याकडे?

पुण्याच्या पेशवे उद्यानातली 'फुलराणी' १९५६ ची. कित्येक पुणेकरांचा पहिला रेल्वेप्रवास तिच्यातून झाला. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली 'वनराणी' मुंबईकरांची लाडकी. २०२१ च्या तौक्ते वादळाने तिचे रूळ उखडले. नेरळ–माथेरान गाडी १९०७ ची, आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून उभी राहिलेली. तिच्या दोन फुटी रुळांवरची जर्मन बनावटीची वाफेची इंजिनं ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला निवृत्त झाली. देशात ब्रॉडगेजसाठी घडलेलं शेवटचं वाफेचं इंजिन १९७० चं. चित्तरंजनच्या कारखान्याने त्याचं नाव ठेवलं 'अंतिम सितारा'. त्यामुळे आपल्या बागांत गाड्या आहेत, शिट्ट्या आहेत. वाफ तेवढी राहून गेली.

११. खरं की सोंग? चार खुणा

बागेतल्या गाडीला धुराडं दिसलं म्हणून फसू नका. एकतानगर–अहमदाबाद मार्गावर २०२३ मध्ये आलेल्या गाडीचं इंजिनही वाफेच्या वेषातलं आहे, आत मात्र वीज. तेव्हा तपासा:

• इंजिन पाणी प्यायला थांबतं का? खरं असेल तर थांबावंच लागतं.
• चाकांचे दांडे ढकलतात, की नुसते शोभेला हलतात? सिलिंडरपर्यंत नजर नेली की कळतं.
• धुराड्याचे ठोके चाकाशी जुळतात का? गाडी थांबल्यावरही भक्-भक् चालू असेल, तर आत स्पीकर आहे.
• चालवणारा बटण दाबून लगेच निघाला का? खऱ्या इंजिनाला थंड असताना वाफ धरायला काही तास लागतात. पहिली फेरी दहाची असेल, तर भट्टी पहाटेच पेटलेली असते.

१२. सहल काढायचीच असेल तर

नागपूरच्या मोतीबागेत २००२ पासून नॅरोगेज रेल्वे संग्रहालय आहे. जुनी वाफेची इंजिनं जवळून बघता येतात, शिवाय मुलांना फिरवणारी छोटी गाडीही आहे. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून आहे. तिथल्या टेबलावर अख्खं गाव, रूळ आणि सिग्नलसकट चालतं. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात तर पतियाळा संस्थानची १९०७ ची वाफेची मोनोरेल आहे. तिचा बहुतेक भार एकाच रुळावर, आणि तोल सांभाळायला बाजूला रस्त्यावरून पळणारं मोठं चाक!

टेंभुर्णीच्या आसपासही रूळ येणार आहेत. १७४ किलोमीटरच्या जालना–जळगाव मार्गाला ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली, आणि तो राजूर-भोकरदनकडून जाणार आहे. त्यावर धावेल ते विजेचं इंजिन. वेगाने पळेल, वेळेत पोचवेल आणि कुणाच्या डोळ्यात कणी घालणार नाही. शौकिनांची पंचाईत एवढीच, की राजूरच्या गणपतीला जाणाऱ्या त्या गाडीत इंजिनाजवळचा डबा पकडण्यात काही अर्थ उरणार नाही.