तालमीतला दिग्दर्शक

कोल्हापूरजवळच्या हुपरीतील चांदीचे पैंजण सहसा एका हाताने पूर्ण होत नाही. मुशीत चांदी आटवणारा, तार ओढणारा, कड्या जुळवून झाळणारा आणि शेवटी उजाळा देणारा असे निरनिराळे कारागीर त्यावर राबतात, आणि तयार दागिन्यावर त्यांपैकी कोणाचेच नाव नसते. संगीत नाटक मंडळ्यांच्या काळात दिग्दर्शनाचेही असेच होते. तालीममास्तर (नटांकडून संवाद आणि हालचाली घोटून घेणारा जाणकार), नाटककार आणि मंडळीचा मालक या तिघांत ते काम वाटले जाई.

रंगभूमीवरील सर्व कलांचा सूत्रधार एकच असावा, असा आग्रह इंग्रज दिग्दर्शक एडवर्ड गॉर्डन क्रेग यांनी 1905 मध्ये मांडला. 1908 मध्ये त्यांनी फ्लॉरेन्सहून ‘द मास्क’ हे नियतकालिक सुरू केले. त्याच वर्षी हुबळीत, वयाची अठरा वर्षेही पूर्ण न झालेल्या कोल्हापूरच्या केशवराव भोसले यांनी ‘ललितकलादर्श’ ही मंडळी उभी केली. क्रेग यांचे बरेचसे कार्य आराखड्यांत आणि लेखनात राहिले. केशवरावांना मात्र तिकिटे खपवून बिऱ्हाड चालवायचे होते, आणि दिग्दर्शकाची खरी परीक्षा तिथेच होते, हे क्रेगच्या भक्तांना फारसे रुचणार नाही.

तालमीतील अवघड भाग पदाचा, म्हणजे नाटकातील गाण्याचा, असे. संवाद ऐन रंगात असताना पद सुरू होई, त्याला ‘वन्समोअर’ मिळे, आणि तेच पद पुन्हा गायले जात असताना समोरच्या पात्राला आपला भाव न मोडता उभे राहावे लागे; गाणे संपताच पुढचे वाक्य आधीच्याच तापमानावर उचलणे हे गळ्याचे नव्हे, तालमीचे काम होते. याच्या जोडीला दृश्य बाजू होती: आनंदराव आणि बाबूराव पेंटर या चित्रकारांनी रंगवलेल्या पडद्यांमुळे ललितकलादर्शच्या नाटकांना स्थळाचा भास देणारी पार्श्वभूमी लाभली.

8 जुलै 1921 रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या ‘संयुक्त मानापमान’ या नाट्यप्रयोगात केशवराव नायक धैर्यधर आणि प्रतिस्पर्धी मंडळीचे बालगंधर्व नायिका भामिनी झाले; दोन्ही मंडळ्या त्या रात्री एका रंगमंचावर आल्या. त्याच वर्षी 4 ऑक्टोबरला, एकतीस वर्षांचे असताना, केशवराव वारले. कोल्हापूरच्या नाट्यगृहाला त्यांचे नाव आहे, पण ते गायक-नट म्हणून. मंडळी उभारून नट, पडदे आणि गाणे एका सूत्रात आणणारा दिग्दर्शक म्हणून त्यांचा अभ्यास व्हायला हवा.