पैशासाठी परत आले? पिक्सीज बँडचा वारसा आणि त्यामागचा हिशेब

रविवारचा अभ्यासवर्ग संपला की आमच्या गटातली मुले-मुली थोडा वेळ मागे रेंगाळतात. त्यात रॅप लिहिणारे आहेत, ढोलकी वाजवणारे आहेत आणि मोबाईलवर जगभरचे संगीत ऐकणारे तर सगळेच आहेत. मागच्या महिन्यात वाद रंगला तो अमेरिकेतल्या पिक्सीज या रॉक बँडवरून. एकीचे म्हणणे होते, "अकरा वर्षांनी परत आले ते फक्त पैशासाठी. त्यांचं खरं काम १९९३ लाच संपलं." त्यावर दुसऱ्याने विचारले, "मग त्यांच्या ड्रमरने घर कशावर चालवायचं?"

हा प्रश्न आमच्या मनात राहिला. 'पैसे मागितले, म्हणजे विकला गेला' हे वाक्य आपणही आपल्या गायक-वादकांबद्दल अनेकदा ऐकले आहे. कधी कधी ते आपणच बोललेलो असतो. म्हणून या बँडचा हिशेब नीट मांडून पाहू या. नाव कोणाला मिळाले, पैसा कोणाला मिळाला आणि या दोन गोष्टी वेगवेगळ्या वाटांनी का गेल्या, हे समजले की वादाचे स्वरूपच बदलते.

कोण हे पिक्सीज?

१९८६ मध्ये अमेरिकेतल्या बोस्टन शहरात हा बँड सुरू झाला. कॉलेजमध्ये ओळख झालेले दोन मित्र त्याच्या मुळाशी होते. गाणी लिहिणारा आणि गाणारा चार्ल्स थॉम्पसन, ज्याने ब्लॅक फ्रान्सिस हे नाव घेतले; आणि फिलिपिन्समध्ये जन्मलेला गिटारवादक जोई सँटिआगो. वर्तमानपत्रात दिलेली जाहिरात वाचून किम डील बेस गिटार वाजवायला आली. तिच्या ओळखीतून डेव्हिड लव्हरिंग हा ड्रमर मिळाला.

१९८७ ते १९९१ या काळात लंडनच्या फोर एडी या छोट्या रेकॉर्ड कंपनीने त्यांच्या ध्वनिमुद्रिका काढल्या. १९८८ चा 'सर्फर रोझा' आणि १९८९ चा 'डूलिटल' हे त्यातले सर्वांत गाजलेले अल्बम. कडव्याला हळू, दबका आवाज आणि धृपदाला एकदम स्फोट, ही त्यांची खूण. इंग्लंडमध्ये 'डूलिटल' विक्रीच्या यादीत आठव्या क्रमांकावर गेला, तर त्यांच्या स्वतःच्या देशात तो जेमतेम पहिल्या शंभरात आला. १९९२ मध्ये यू टू या बलाढ्य बँडच्या दौऱ्यात, मुख्य कार्यक्रमाआधी वाजवण्याचे काम त्यांना मिळाले. १९९३ च्या सुरुवातीला थॉम्पसनने बँड संपल्याचे रेडिओवरील मुलाखतीतच जाहीर करून टाकले. सँटिआगोला फोनवरून आणि उरलेल्या दोघांना फॅक्सने ही बातमी कळवली गेली. सात वर्षांची सोबत अशी एका कागदावर संपली.

नाव वाढले, पण पैसा?

गंमत अशी की त्यांचे नाव खरे पसरले ते बँड फुटताना आणि फुटल्यानंतर. १९९१ मध्ये निर्वाणा या बँडच्या एका गाण्याने सगळे जग ढवळून काढले. त्या बँडचा गायक कर्ट कोबेन याने १९९४ च्या एका मुलाखतीत कबूलच केले, की ते गाणे करताना तो पिक्सीजची नक्कल करू पाहत होता. पुढे १९९९ मध्ये 'फाइट क्लब' या चित्रपटाच्या शेवटी पिक्सीजचे एक जुने गाणे वाजले आणि बँड फुटला तेव्हा शाळेत असलेली पिढी त्यांची चाहती झाली.

आता पैशाकडे पाहू. कॉपीराइटचा कायदा शब्दांना आणि चालीला संरक्षण देतो, शैलीला देत नाही. 'हळू-जोरात-हळू' ही पद्धत कोणाच्याही मालकीची होऊ शकत नाही आणि होऊही नये, नाहीतर संगीत पुढेच जाणार नाही. पण त्याचा परिणाम असा, की ज्या गोष्टीमुळे पिक्सीज इतिहासात गेले, त्या गोष्टीचा एक पैसाही त्यांना मिळण्याची सोय नव्हती. लाखोंनी खपल्या त्या दुसऱ्यांच्या ध्वनिमुद्रिका. वारसा होता, पण त्याचे भाडे येत नव्हते.

एका गाण्याचे दोन हक्क

चाहत्यांच्या वादात सर्वांत कमी बोलली जाणारी गोष्ट इथे आहे. ध्वनिमुद्रित गाण्यात दोन वेगवेगळे हक्क असतात. पहिला रचनेचा, म्हणजे शब्द आणि चाल यांचा. तो लिहिणाऱ्याकडे असतो. दुसरा प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणाचा. तो बहुतेक वेळा खर्च करणाऱ्या कंपनीकडे जातो आणि वाजवणाऱ्यांना करारानुसार काही टक्के मिळतात. तेही सहसा कंपनीने दिलेली आगाऊ रक्कम वळती झाल्यावर.

चित्रपटात गाणे वापरायचे असेल तर दोन्ही हक्कांची परवानगी घ्यावी लागते आणि दोन्हींचे पैसे द्यावे लागतात. अमेरिकेतला नियम तर आणखी विचित्र आहे. तिथे नेहमीच्या एएम-एफएम रेडिओवर गाणे वाजले की रचनाकाराला पैसे मिळतात; गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना काहीच नाही.

पिक्सीजची बहुतेक सगळी गाणी थॉम्पसनच्या नावावर आहेत. त्यामुळे बँड फुटल्यावरही त्याच्याकडे काही ना काही येत राहिले. किम डीलने द ब्रीडर्स हा दुसरा बँड चालवला आणि १९९३ मध्ये त्यांचा अल्बम अमेरिकेत दहा लाखांच्या घरात खपला. पण ड्रमर लव्हरिंगचे काय? गाण्याचा ठेका त्याचा, पण ठेक्याला रचना मानण्याची पद्धत नाही. तो पुढे वैज्ञानिक जादूचे प्रयोग करू लागला आणि पैशाची ओढाताण सोसत राहिला.

इथे एक तुलना उपयोगी पडेल. त्याच काळातल्या आर. ई. एम. या बँडने सुरुवातीपासून आपली गाणी चौघांच्या नावावर लावली. शब्द गायकाचे असले तरी श्रेय आणि उत्पन्न चौघांचे. त्यांचा ड्रमर १९९७ मध्ये बाहेर पडला, २०११ मध्ये बँडच थांबला, पण पैशासाठी दौऱ्यावर परतण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही. ते पिक्सीजपेक्षा कितीतरी जास्त खपले, हेही त्याचे कारण आहे. तरीही वाटणीचा निर्णय त्यांनी प्रसिद्धीच्या आधी घेतला होता, हे विसरू नये.

२००४: परतीचा दौरा

एप्रिल २००४ मध्ये मिनियापोलिस शहरात हे चौघे पुन्हा एकत्र उभे राहिले. मे महिन्यात कॅलिफोर्नियातल्या कोचेला महोत्सवात हजारो लोकांनी त्यांच्याबरोबर गाणी म्हटली. लंडनच्या ब्रिक्स्टन ॲकॅडमीचे चार कार्यक्रम पूर्ण विकले गेले. कार्यक्रम संपताच त्याच रात्रीच्या ध्वनिमुद्रणाची सीडी दारात विकायची, असा नवा उद्योगही त्यांनी केला. त्या वर्षीच्या दौऱ्याची तिकीटविक्री १ कोटी ४० लाख डॉलरहून अधिक झाल्याचे तेव्हा छापून आले होते.

हा आकडा पाहून 'मालामाल झाले' असे म्हणणे सोपे आहे. पण ती एकूण विक्री होती. त्यातून सभागृहाचा आणि आयोजकाचा वाटा, कार्यक्रम ठरवणाऱ्या एजंटचे साधारण दहा टक्के, व्यवस्थापकाचे पंधरा ते वीस टक्के, ध्वनी-प्रकाशाचे कामगार, प्रवास, हॉटेल, विमा आणि कर गेल्यावर जे उरते ते कलाकारांचे. तरीही ती रक्कम त्यांनी ऐन तारुण्यात कमावलेल्या पैशापेक्षा मोठी होती यात शंका नाही. मुख्य म्हणजे मंचावरच्या कमाईत लव्हरिंगलाही वाटा होता. रेडिओ ज्याला पैसे देत नव्हता त्याला मंचाने दिले.

त्यांनी हे लपवलेही नाही. पुढच्या वर्षी आलेल्या त्यांच्या कार्यक्रमांच्या डीव्हीडीचे नावच 'सेल आऊट' असे होते. इंग्रजीत त्याचे दोन अर्थ होतात: 'सगळी तिकिटे संपली' आणि 'स्वतःला विकले'. टीका करणाऱ्यांच्या तोंडचा शब्द त्यांनी स्वतःच कव्हरवर छापला.

चाहत्यांचे आक्षेप कितपत खरे?

पहिला आक्षेप: ते पैशासाठी आले. होय, आले. पण ज्या कामाचे दाम तेव्हा मिळाले नाही, ते काम लोकांना अकरा वर्षांनीही हवे असेल आणि त्यांनी ते पुन्हा उभे राहून, घाम गाळून केले असेल, तर त्याला आम्ही उशिरा मिळालेली मजुरी म्हणू.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: एकत्र आले, पण जुना प्रश्न तसाच राहिला. २००४ मध्ये डीलने लिहिलेले एकच नवे गाणे आले. त्यानंतर कित्येक वर्षे जुन्याच गाण्यांचे दौरे चालले. २००९ मध्ये 'डूलिटल'ला वीस वर्षे झाली, तेव्हा तो अल्बम पूर्ण वाजवत फिरणे झाले. अखेर २०१३ मध्ये नव्या अल्बमचे काम सुरू असताना डील बाहेर पडली. २०१४ पासून पिक्सीजने तिच्याशिवाय अनेक अल्बम काढले आणि बेस वाजवणाऱ्या स्त्रिया एकामागून एक बदलल्या. म्हणून अनेक चाहते विचारतात, नाव तेच असले तरी बँड तोच आहे का?

आम्हाला वाटते, हा प्रश्न रास्त आहे. पैशाने तुटलेली माणसे एका मंचावर आणता येतात, पण निर्णयात कोणाचा किती आवाज हे पैसा ठरवू शकत नाही. एकाच्या नावावर सगळे लिहिले जात असेल, तर बाकीचे कितीही प्रिय असले तरी ते बदलता येण्याजोगे ठरतात. चाहत्यांना हे भावनिक दुःख वाटते, समाजशास्त्रात त्याला मालकीचा प्रश्न म्हणतात.

अल्बिनीचा मार्ग

या गोष्टीतल्या आणखी एका माणसाची ओळख करून देणे आम्हाला गरजेचे वाटते. 'सर्फर रोझा'चे ध्वनिमुद्रण स्टीव्ह अल्बिनीने केले. त्यासाठी त्याने १,५०० डॉलरची ठोक रक्कम घेतली. विक्रीतले टक्के त्याने घेतले नाहीत. पुढे हा अल्बम अमेरिकेत पाच लाखांच्या घरात गेला, तरी त्यातून त्याला काही मिळायचे नव्हते. १९९३ मध्ये निर्वाणाचा अल्बम करतानाही त्याने टक्केवारी नाकारली आणि ठरलेली एक रक्कम घेतली. त्याचे म्हणणे साधे होते: मी नळ दुरुस्त करणाऱ्या कारागिरासारखा आहे, कामाचे पैसे द्या. गाणे बँडचे आहे, त्याची पुढची कमाईही बँडचीच. त्याच वर्षी त्याने एक लेख लिहून दाखवून दिले, की मोठ्या कंपनीशी करार केलेला बँड अडीच लाख डॉलरच्या आगाऊ रकमेतूनही प्रत्येकी जेमतेम चार हजारांवर कसा येतो. मे २०२४ मध्ये, ६१ व्या वर्षी तो गेला.

अल्बिनीने पैसे नाकारले नाहीत, हे लक्षात घ्या. आपल्या श्रमाचे दाम त्याने आधी सांगून, मोजून घेतले. दुसऱ्याच्या श्रमातला वाटा मात्र घेतला नाही. निःस्वार्थीपणा आणि फुकटेपणा यांत फरक असतो, तो असा.

आपण काय घ्यायचे?

आपल्याकडे गाणी लिहिणाऱ्या, व्हिडिओ टाकणाऱ्या आणि जयंतीच्या मंचावर गाणाऱ्या तरुणांसाठी या गोष्टीतून हाती लागणारी कामे अगदी साधी आहेत. गाणे बाहेर पडण्याआधी शब्द कोणाचे, चाल कोणाची, वाटणी कशी, हे एका कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. मैत्री आहे तोवरच हे करता येते. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार ध्वनिमुद्रित गाण्याच्या रॉयल्टीतला गीतकार-संगीतकाराचा समान वाटा कंपनीला करारानेही काढून घेता येत नाही. करारात हक्क देण्याची मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षे धरली जाते. एकदाच पैसे घेऊन कोऱ्या मनाने सही करण्याआधी एवढे तरी माहीत हवे.

आणि कार्यक्रम ठरवणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी एकच गोष्ट. मंडप, लाऊडस्पीकर आणि बॅनर यांचे पैसे आपण घासाघीस करून का होईना, पण देतो. गायकाला मात्र 'समाजाचं काम आहे' असे सांगतो. बिदागी किती हे आधी ठरवा आणि ढोलकीवाल्याची वेगळी ठेवा.

त्या रविवारी वाद करणारी मुलगी शेवटी म्हणाली, "मला अजूनही त्यांचे जुनेच अल्बम आवडतात." आवडू देत. पण निघताना तिने आमच्या रॅप गटाच्या वहीत, नव्या गाण्याच्या नावाखाली, चौघांची नावे लिहिली. बीट बनवणाऱ्याचेही.