क्यूआर कोडमागचा पाठ

केंद्र शासनाच्या ‘दीक्षा’ या ऑनलाइन शिक्षणमंचाचा आरंभ ५ सप्टेंबर २०१७ रोजी झाला आणि बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांत छापलेल्या क्यूआर कोडमुळे, म्हणजे मोबाइलच्या कॅमेऱ्याने वाचता येणाऱ्या काळ्या-पांढऱ्या चौकोनी संकेतामुळे, भूम-परंड्यापासून उमरग्यापर्यंतच्या धाराशिव जिल्ह्यातील विद्यार्थ्यालाही धड्यावरून थेट त्याच्या पूरक साहित्यापर्यंत पोहोचण्याची वाट खुली झाली. या मंचावर चित्रफीत, पीडीएफ, ई-पुस्तक आणि उत्तर देताच प्रतिसाद देणारे स्वाध्याय असे निरनिराळे प्रकार चढवता येतात; मात्र निर्मात्याने इयत्ता, विषय, माध्यम आणि वापराचा परवाना यांची नोंद केल्यावर ते साहित्य परीक्षकाकडे जाते आणि त्याच्या संमतीनंतरच प्रकाशित होते. ही नोंद रटाळ वाटते खरी, पण चुकीच्या इयत्तेखाली ठेवलेली उत्तम चित्रफीतही शोधणाऱ्याच्या हाती लागत नाही.

विविधता म्हणजे चित्रफितींची गर्दी, हा समज मात्र सोडलेला बरा. बालाघाटच्या डोंगररांगेतून मांजरेचे पाणी गोदावरीकडे आणि बोरीचे भीमेकडे का जाते, हे समजण्यास उंचसखलपणा दाखवणारा नकाशा लागतो, प्रमेयाला पायरीपायरीने मांडलेली सिद्धता लागते, तर कवितेला बहुधा नुसता चांगला आवाज पुरतो. साहित्य ‘दीक्षा’च्या ॲपवर एकदा उतरवून घेतल्यास ते इंटरनेटविनाही वापरता येत असल्याने, जेथे नेटवर्क क्षीण आहे तेथील मुलांचा विचार करून शिक्षकांनी फाइल शक्य तितकी हलकी ठेवावी.