खाऱ्या पाण्याची काचपेटी तापते तेव्हा

मुंबईला मरीन ड्राइव्हवर १९५१ साली उघडलेले तारापोरवाला मत्स्यालय आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. रत्नागिरीला झाडगावच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचे मत्स्यालयही शाळांच्या सहलींत मुले पाहून येतात. परत आली की शिक्षकांपाशी त्यांची भुणभुण सुरू होते, ‘सर, आपल्या शाळेत पण अशी पेटी ठेवू या ना!’ किनाऱ्याजवळच्या काही शाळा-महाविद्यालयांतून अशा लहानशा पेट्या आहेतही. समुद्राचे पाणी, थोडी वाळू, चार-सहा मासे, एखादे समुद्रपुष्प, शंखात बिऱ्हाड करून राहणारा खेकडा. पावसाळ्यात आणि थंडीत हा संसार सुखाने चालतो. चैत्र उलटून ऊन तापू लागले म्हणजे मात्र त्याची कसोटी लागते. पेटीतले पाणी तापले तर नेमके काय बिघडते आणि अशा वेळी काय करावे, हे आज आपण पाहू.

आधी माझी स्वतःची एक चूक सांगतो. आमच्या प्रयोगशाळेत साठ लिटरची अशी एक पेटी होती, आणि ती ठेवलेली होती पश्चिमेच्या खिडकीशी. मे महिन्यातल्या एका दुपारी वीज गेली. हवेचा पंप बंद पडला. चारच्या सुमारास मी पाहतो तो तापमापकातला पारा ३४ अंश सेल्सिअसवर, आणि सहाही मासे वर येऊन तोंडे उघडझाप करताहेत. आमचे प्रयोगशाळेचे मामा मूळचे कोळीवाड्यातले. त्यांनी तांब्या घेऊन पेटीतलेच पाणी उचलून वरून धारेने पुन्हा पेटीत सोडायला सुरुवात केली. म्हणाले, ‘सर, त्यांना धाप लागलीय. आधी वारा द्यायला पाहिजे.’ मी म्हटले, ‘मामा, ते राहू द्या. तुम्ही आधी बर्फ आणा.’ चार किलो बर्फ आला, तो फोडून मी पेटीत टाकला. अर्ध्या तासात पारा २७ वर आला आणि मी समाधानाने घरी गेलो. सकाळी पाहतो तो चार मासे उलटे तरंगत होते. उन्हातून ते वाचले होते. माझ्या उपायातून वाचले नाहीत.

माझे काय चुकले, ते नीट समजून घेण्यासारखे आहे. मासा पाण्यात विरघळलेला प्राणवायू कल्ल्यांनी घेतो. आता पाणी जितके गार तितका त्यात प्राणवायू अधिक मावतो, आणि जितके गरम तितका कमी. शिवाय खाऱ्या पाण्यात गोड्या पाण्यापेक्षा तो मुळातच कमी मावतो. २५ अंशांना एक लिटर गोड्या पाण्यात सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू राहू शकतो, तर समुद्राच्या पाण्यात सुमारे पावणेसातच. तेच समुद्राचे पाणी ३२ अंशांवर गेले, की हा आकडा सहावर येतो. म्हणजे आवक घटली. इकडे माशाचा खर्च मात्र वाढलेला असतो. मासा आपल्यासारखा स्वतःचे अंग एका ठरावीक उष्णतेवर राखीत नाही. पाणी तापले की त्याचे अंग तापते आणि शरीराचे सारे व्यवहार जलद होतात. साधारणपणे दहा अंशांनी उष्णता वाढली तर प्राणवायूची गरज दुप्पट होते, असा ढोबळ हिशेब आहे. आवक कमी आणि खर्च जास्त, अशा कात्रीत तो जीव सापडतो. मामांनी ‘धाप’ हा शब्द वापरला होता, तो शास्त्राला धरूनच होता.

म्हणून पहिला उपाय वाऱ्याचा. वीज असेल तर हवेचा पंप जोरात सोडावा. वीज नसेल तर तांब्याने पाणी उचलून हातभर उंचीवरून धार धरावी. धारेबरोबर हवा पाण्यात शिरते आणि पाण्याचा पृष्ठभाग ढवळून निघतो. त्याच वेळी खिडकीवर ओले गोणपाट किंवा जाड पडदा सोडावा, पेटीवरचा दिवा मालवावा, काचेचे झाकण काढून त्या जागी जाळी बांधावी, नाहीतर घाबरलेला मासा उडी मारून बाहेर पडतो. त्या दिवशी खाणे घालू नये. पचनालाही प्राणवायू लागतो. शिवाय उरलेले अन्न कुजून त्यापासून अमोनिया तयार होतो, आणि गरम पाण्यात त्या अमोनियाचा विषारी अंश वाढतो.

यानंतर पाणी गार करण्याचा विचार. येथे आपला घरचा माठ आपला गुरू आहे. माठातले पाणी झिरपून बाहेर येते, वाऱ्याने त्याची वाफ होते, आणि वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता ती आतल्या पाण्यातून घेऊन जाते. शाळेच्या पुस्तकात हिलाच अप्रकट उष्मा म्हटले आहे. एक लिटर पाण्याची वाफ होऊन जाताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. एक किलो बर्फ वितळून त्याचे पाणी २७ अंशांपर्यंत येईतो जेमतेम १०७ किलोकॅलरी घेतो. म्हणजे हवेत उडून गेलेले एक लिटर पाणी पाच किलो बर्फाचे काम करते, आणि तेही हळूहळू, जिवाला धक्का न देता. पाण्याच्या पृष्ठभागावरून वारा वाहील असा साधा पंखा लावला, की पेटीचा माठ झाला. बाहेरची उष्णता आत येतच असते, त्यामुळे हिशेबाइतका गारवा मिळत नाही, पण दोन-तीन अंशांचा फरक पुष्कळदा पडतो. मात्र एक लक्षात ठेवावे. सोलापूर-नगरकडे हवा कोरडी, तेथे माठ चांगला गार होतो, तसाच हा उपायही चांगला लागू पडतो. कोकणात मे महिन्यात हवा दमट असते, घामसुद्धा वाळत नाही, तेथे त्याचा गुण कमी येतो.

पंख्याने भागत नसेल तर बर्फ वापरावा, पण मी वापरला तसा नव्हे. बाटलीत पाणी भरून, ती घट्ट बंद करून, बर्फ झालेली अशी बाटली पेटीत तरंगत सोडावी. शंभर लिटर पाणी एक अंशाने उतरविण्यास साधारण एक किलो बर्फ लागतो. तापमापक पाहत राहावे आणि तासाला एक अंशाहून अधिक उतार पडू देऊ नये. मी अर्ध्या तासात सात अंश उतरविले. दुसरे असे, की बर्फ म्हणजे गोडे पाणी. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. माझ्या चार किलो बर्फाने ते एकदम ३३ च्याही खाली आले. धाप लागलेल्या जिवाला एकाच वेळी थंडीचा आणि क्षार घटल्याचा असे दोन तडाखे बसले, आणि वारा मात्र मिळालाच नाही.

आता शेवटची गोष्ट, जी नवशिक्याला हटकून चकविते. पंख्याने पाणी उडाले, पेटी दोन बोटे रिकामी झाली. भर कसली घालावी? पुष्कळजण समुद्राचे पाणी घालतात. मिठागर आठवा. आगरात समुद्राचे पाणी घेतात, ऊन पाणी नेते आणि मीठ खाली उरते. पेटीतूनही पाणीच जाते, क्षार आतच राहतात. शंभर लिटरमधले पाच लिटर उडाले तर ३५ चे प्रमाण जवळजवळ ३७ होते. त्यात पुन्हा खारे पाणी घालीत गेलो, तर पेटीचे मिठागरच व्हायचे. म्हणून उडालेल्या पाण्याची भर गोड्या पाण्याने, रोज थोडी थोडी करावी. काचेवर पाण्याच्या पातळीशी कागदाची पट्टी चिकटवून ठेवावी, म्हणजे किती घालायचे ते मुलांनाही कळते. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, तेव्हा ते उघड्या भांड्यात रात्रभर ठेवून, शक्य तर त्यात हवेचे बुडबुडे सोडून, मगच घ्यावे.

कोणी म्हणेल, चार माशांसाठी एवढा खटाटोप कशाला? पण या पेटीत घडते ते समुद्रातही घडते. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते आणि त्याचे बरेचसे अन्न तेच तयार करते. समुद्राचे पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखादा अंश जरी अधिक तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, तर हे शैवाल बाहेर पडते आणि प्रवाळ पांढरे होते. पाणी वेळेवर निवले तर ते सावरते, नाही तर उपासाने मरते. लक्षद्वीपच्या प्रवाळांवर १९९८, २०१० आणि २०१६ साली हा प्रसंग आला. आपल्या मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहेत, आणि तेथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. प्रवाळ, समुद्रघोडे, समुद्रकाकड्या यांना कायद्याचे संरक्षण आहे. तेव्हा हौसेने अथवा शिकविण्यासाठीही हे जीव पेटीत आणू नयेत. पेटी तापली तर तिच्यावर पंखा लावता येतो. समुद्रावर तो कोणी लावायचा?

शिक्षकांना एक सुचवितो. ज्यांच्याकडे पेटी नाही, त्यांनी एक माठ आणि एक पितळी कळशी घ्यावी. दोहोंत सारखे पाणी भरून सावलीत ठेवावे आणि दर तासाला तापमान लिहून मुलांना कारण विचारावे. शेजारी एका ताटलीत मिठाचे पाणी उन्हात ठेवावे. संध्याकाळपर्यंत निम्मा धडा मुलेच सांगतील.

आमच्या पेटीत त्या वेळी वाचलेले दोन मासे पुढे पुष्कळ दिवस जगले. पेटी आता पूर्वेच्या भिंतीशी आहे. वीज गेली की मामा तांब्या घेतात, आणि दुसरा तांब्या मी घेतो.